ज्योत्स्नाबेननी बसवलेलं टेबल

आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटमधलं टेबल कुणी बसवलं, सांगू? माझ्या बायकोला, मेधाला, ऑनलाइन शिकवण्या घ्यायच्या होत्या आणि जागा म्हणाल तर एक कोनाडा. मी कोनाड्याच्या दोन्ही भिंतींना आधाराच्या पट्ट्या ठोकल्या आणि मापाने प्लायवूडची फळी कापून आणली. ती एका बाजूने बसली, दुसऱ्या बाजूने वरच अडकली. आत जाईना की बाहेर येईना. संध्याकाळी मेधाचा पहिला वर्ग! मी ठोकत सुटलो, तशा खालच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेन तणतणत वर आल्या.

"शुं तोडो छो, भाई?"

"तोडत काही नाही," म्हणत मी अडकलेली फळी दाखवली. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ फळीवर जाऊन बसल्या. धप्प! फळी पट्ट्यांवर चपखल बसली. आम्ही टाळ्या पिटल्या.

ज्योत्स्नाबेन वरूनच म्हणाल्या, "डॉक्टर रोज कहे छे, वजन घटाडो. आता त्याला पहिलं हे टेबल दाखवते!"