नीलपंखाला हलायचं नाही

...अहो नाही, कुठे जाऊ? जाता आलं असतं तर केव्हाच रावेरच्या गाडीत बसलो असतो! इथेच उभं राहायचंय, या फोटोच्या शेजारी, पोरीचा हुकूम आहे. ‘तुम्ही आणि फोटो लोकांना एकत्र दिसले पाहिजेत. आबा, हलू नका!’ म्हणून सकाळपासून जळगावच्या या हॉलमध्ये, तिच्या फोटोंच्या प्रदर्शनात, खांबासारखा उभा आहे, आणि तुम्ही लोक काय करता, आधी फोटोकडे बघता, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे! अहो मीच तो. जीवराम. ते निळे हात माझे, ते उघडं तोंडही माझंच. पक्षी नाही, केळीवाला आहे! हसा, हसा... पण आता थांबलाच आहात तर हे झालं कसं ते ऐकून जा.

आमची पोरगी चारुलता. पुण्याला फोटोग्राफी शिकली. बरं, शिकलीस तर लग्नाचे फोटो काढ, बारशाचे काढ, चार लोक नाव घेतील! नाही. घरी आली आणि म्हणते, मी गावातल्या माणसांचे फोटो काढणार, आपल्याकडच्या पक्ष्यांच्या रंगांत. म्हणजे काय ग? तर म्हणे प्रत्येक माणसात मला एकेक पक्षी दिसतो. आता तुम्हाला सांगतो, बापाला आपल्या पोरीची काळजी वाटायला आणखी काय लागतं?

तो पलीकडचा फोटो बघा. पिवळं लुगडं, काळे काठ, डोळ्यांत कानापर्यंत काजळ. ती आमची मंडळी, धुरपदा. हळद्या पक्षी! फोटो आल्यापासून आरशासमोरून हलत नाही. आणि तो हिरव्या शर्टातला, कपाळाला लाल टिळा, तो रूपचंद. तांबट. तांबट कसा झाडावर बसून दिवसभर एकाच सुरात टुक टुक टुक करतो, तसा हा रूपचंद आमच्या ओट्यावर बसून स्थळं सांगतो. ‘भाऊ, पोरगी मोठी झाली ना भाऊ, स्थळ पाह्यलं पाह्यजे ना भाऊ...’ टुक टुक टुक!

तर त्याने धुळ्याचं स्थळ आणलं. पितांबर म्हणून, मूळचे यावलकडचेच, आपल्यातले, पण दोन पिढ्या धुळ्यात गेल्या म्हणून बोलणं तिकडचं. मुलगा प्रेमराज, नोकरी चांगली, मला पसंत! पण आमची बाई? ‘आबा, मुलाशी बोलेन, फिरायला जाईन, पण खाली मान घालून बसून दाखवणार नाही.’ अरे, पण ते लोक बघायला येणार म्हटल्यावर बसावं लागतं ना! मी रागावलो, जेवलो नाही, धुरपदा दोघांवर ओरडली. शेवटी चारू शांतपणे म्हणाली, ‘ठीक आहे. तुम्ही एकदा माझ्यासाठी बसा, मी एकदा तुमच्यासाठी बसते. अट एकच. बसलं की मी सांगेन तसं बघायचं, मधे बोलायचं नाही, आणि हलायचं नाही.’

मला काय आनंद झाला! रूपचंदच्या समोर शब्द दिला. एका फोटोत पोरगी उजवते, यापेक्षा स्वस्त काय असतं? आपण कशात अडकतोय, तेव्हा मला काय ठाऊक!

मला वाटलं, बाप आहे, मोर करेल. किमान पोपट तरी! तर म्हणते, ‘तुम्ही नीलपंख.’ नीलपंख माहीत आहे ना? दसऱ्याला दिसला की लोक हात जोडतात, पण एरवी? विजेच्या तारेवर बसलेला असतो, मातीच्या रंगाचा, तोंड पाडून! मी म्हटलं, चारू, माझ्यात तुला हा दिसला? तर हसली फक्त. आणि माझा नवा पांढरा सदरा खुंटीला परत टांगला, अन् बागेतला जुना काढला. आता केळीवाल्याचा बागेतला सदरा तुम्हाला माहीतच आहे. केळीच्या चिकाचे डाग पडून पडून कापड तपकिरी झालेलं, ते आईच्या पोटातून तसंच आल्यासारखं दिसतं. चारू म्हणते, ‘बघा, नीलपंखाच्या छातीचा रंग हाच!’ आयुष्यभर जो डाग धुरपदा घासत आली, तो रंग निघाला!

मग बागेत स्टुलावर बसवलं. खांद्यावर आडवा बांबू, त्याला दोन्ही मनगटं बांधली, हातांना धुरपदाच्या निळ्या साडीचे पट्टे लोंबकळतायत, आणि दंडांपासून मनगटांपर्यंत रांगोळीतला निळा रंग. तो घामाने टिकेना. पोरगी लावते, घाम काढतो, पोरगी लावते, घाम काढतो. तेव्हा आमची मंडळी, बोलू नये तिथे बोलणारी... ‘अव चारू, चीक लाव ना! कापडाचा जात नाही तर अंगाचा कसा जाईन?’

ऐकलंत? मला माहीत होतं! माझा जन्म केळीत गेला, चीक लागला की काय होतं हे मला नाही तर कोणाला माहीत? पण मधे बोलायचं नाही! शब्द दिलेला! मी नुसते डोळे वटारले, तर चारू म्हणते, ‘वा, डोळे असेच ठेवा.’ कापला खोडाचा तुकडा, फासला चीक, वर निळं... हे बघा, हे मनगट बघा, अजून आहे!

आणि ऊन गेलं. ढग आला. आता ढग सरकेपर्यंत थांबा. हात आखडले, नाकावर माशी बसली, माशी तर माझ्यापेक्षा मोकळी होती! मी जरा नाक हलवलं की ‘आबा, हलू नका!’ एवढ्यात बांधावरून आवाज... ‘या या, रस्त्यातच बाग आहे, आधी बाग पाहून घ्या, घड पाहून घ्या!’ रूपचंद! दुपारी घरी येणारे पाहुणे हा सकाळी थेट बागेत घेऊन आला! कारण आमच्याकडे मुलीच्या आधी बाग बघतात ना.

पितांबर पुढे, त्यांची बायको मागे, प्रेमराज सगळ्यांत मागे. पितांबरांनी घड दाबून पाहिले, मान डोलावली, आणि मग मला पाहिलं. ‘केळीमा बुजगावणं? कसाले?’ बाईंनी जवळ येऊन माझ्या दंडाला बोट लावलं. ‘अवो, हाऊ तर जित्ता माणूस शे!’

रूपचंदचा चेहरा पडला. ‘हे... हे मुलीचे वडील.’

आता कोणीही बापाला सोडवलं असतं की नाही? पण त्याच क्षणी ऊन आलं. चारू ओरडली, ‘आबा, हलू नका!’ नाही हललो. आणि तुम्हाला सांगतो, मग जे झालं ते कोणावर येऊ नये. ते लोक माझ्याभोवती उभे राहिले आणि मला बघायला लागले. ‘याले बोलता येस का?’ बाई रूपचंदला विचारतायत, मला नाही! ‘रंग जास का?’ ‘नेहमीच असा बसस का?’ मान जरा वर करायला सांगा म्हणाल्या. तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मी तिथेच आहे, सगळं ऐकतोय, आणि माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलतायत! लाज वाटली हो. माझ्या स्वतःच्या बागेत, माझ्या केळीत, मला लपायला जागा नाही! धुरपदाकडे पाहिलं, म्हटलं ही तरी काही बोलेल... ती पदराआड हसत होती. आणि पुटपुटली, ‘बसा आता. मीही बसलेच होते.’

फोटो झाले. चारूने कॅमेरा तिथेच स्टँडवर ठेवला, लांबून फोटो काढायचं ते बटण तेवढं हातात राहिलं. ‘आबा, उठा. तुमचं झालं. आता माझी पाळी.’ मी बांबूसकट बाजूला झालो. ती त्याच स्टुलावर बसली. हात मांडीवर, मान खाली. शब्द म्हणजे शब्द! आमची चारू, जिला लहानपणापासून दोन मिनिटं कोणी एका जागी बसलेलं पाहिलं नाही, ती अशी बसली. आणि बाई म्हणाल्या, ‘मान वर कर ना व माय, जराशी.’

मला काय झालं मला माहीत नाही. मी पंखांसकट मधे धावलो! बांबूने रूपचंदची टोपी उडाली, एक घड खाली आला, आणि मी ओरडलो, ‘नाही बसणार माझी पोरगी! बोलायचं तर तिच्याशी बोला! नाहीतर बाग पाहिली, आता घरी जा!’

मागे चारूने हातातलं बटण दाबलं, आणि समोरच्या स्टँडवरून... खटॅक.

तोच हा फोटो. बसलेले सगळे फोटो पोरीने तिथल्या तिथे कॅमेऱ्यातून पुसून टाकले, एवढं सोसलेले सगळे! मी विचारलं, का ग? तर म्हणते, ‘आबा, नीलपंख बसला की मातीसारखाच दिसतो. निळा रंग उडाल्यावरच दिसतो.’ डोळ्यांत पाणी आलं, तर पुसायला हात सुटे नव्हते, अजून बांबूलाच बांधलेले. तो खाली कोपरा बघा, माझ्या पायांमागे एक चप्पल दिसते ना... ती चारूची. पोरगी लपलेली नाही, बसलेली आहे.

स्थळ? गेलं! पितांबर तडक गाडीत जाऊन बसले. प्रेमराज तेवढा मागे वळून म्हणाला, ‘काका, हा फोटो भारी आला असंल.’ अख्ख्या दिवसात एवढंच बोलला, आणि खरं बोलला. रूपचंदची टुकटुक चार दिवस बंद होती, पुन्हा सुरू झाली. पण आता आमची पोरगी म्हणते, येणारा मुलगा आधी माझ्यासमोर स्टुलावर बसेल, मी त्याचा पक्षी शोधीन, मग पुढचं. आणि बांबू बांधायला कोण? मी! चीक काढायला कोण? मी!

काय म्हणालात, सेल्फी? माझ्यासोबत? आणि हात पसरू? अहो, लोक बघतायत... बरं, बरं. ती तिकडून बघतेय, डोळे वटारून. घ्या, पसरले. काढा लवकर...

हो ग बाई, माहीत आहे. नाही हलत!