रुचिराची राहिलेली तपासणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या महिला मंडळाचा आधार असलेल्या शर्मिष्ठाताई. प्रमुख पाहुणे आणि रुचिराचे मार्गदर्शक डॉ. अंबादास सोनटक्के सर. जिला निरोप द्यायला आपण जमलो ती डॉ. रुचिरा, आणि भर दुपारी हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या घाटकोपरच्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

रुचिरा माझ्या धाकट्या बहिणीची, सुलक्षणाची मुलगी. पुढच्या आठवड्यात ती संशोधनासाठी परदेशी निघाली आहे. तिच्याबद्दल कौतुकाचे चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. ते मी बोलणारच. पण मला तिच्याकडे काही मागायचंही आहे. घरात मागून पाहिलं, मिळालं नाही. म्हणून आता भर सभेत मागते.

तिचं काम तुम्हाला ठाऊक आहे. साकीनाक्याच्या गाळ्यांतल्या बायकांपासून या मंडळापर्यंत कितीजणींनी तिच्या संशोधनासाठी तपासायला रक्त दिलं, सोनोग्राफी करून घेतली. शांताबाई, हसू नका, तुम्हाला धरायला दोघीजणी लागल्या होत्या. पित्ताशयात खडे होण्याचा त्रास बायकांनाच जास्त का होतो, हे ती शोधते. मला कळलं तेवढं सांगते. चुकलं तर सर सांभाळून घेतील. आपल्या अंगातलं एक हार्मोन पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, दुसरं पित्ताशयाला सुस्त करतं. पण प्रत्येकीचं शरीर या हार्मोन्सना सारखं वागवत नाही. ते थोडंफार जनुकांवर अवलंबून असतं, आणि ती आईकडून, वडिलांकडून येतात. मी एकदा घाबरून विचारलं, "म्हणजे आमच्या घराण्यात हे लिहिलेलंच आहे का गं?" तर म्हणाली, "मावशी, ही जोखीम आहे, कुंडली नाही. एकेका जनुकाचा वाटा एवढासा असतो."

आमच्या आईला जेवल्यावर पोटात दुखायचं. आजीलाही. घरात त्याला एकच नाव, पित्त, आणि एकच औषध, आमसुलाचं सार. वडील गिरणीत होते, तरी हट्टाने त्यांनी आम्हा दोघींना सांताक्रूझच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे सिस्टर सांगायच्या, काही दुखलं तर कुरकुर करू नका, ते दुःख देवाला अर्पण करा. मी वर्गाबाहेर पडले की विसरायचे. सुलू विसरली नाही. निळा फ्रॉक, दोन वेण्या, गुडघा फुटलेला आणि डोळे मिटून देवाला अर्पण करणारी माझी बहीण मला अजून दिसते. तुम्हीच सांगा, घरी सार आणि शाळेत अर्पण, अशा मुलीने डॉक्टरकडे जावं तरी कधी?

कितीतरी वर्षं ती उजव्या बरगडीखाली हात दाबून पोळ्या लाटायची. विचारलं की म्हणायची, "काय नाय गो, पित्त आसा." पाठीत कळा यायला लागल्या, डोळे पिवळे दिसले, तेव्हा रुचिराने तिला ओढतच सोनोग्राफीला नेलं. खडे जुने होते. आणि शेजारी गाठ. खडे असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही, हे रुचिराने मला शंभरदा सांगितलंय. आमच्या सुलूला झाला.

आजारपणात सुलूने लेकीला विचारलं होतं, "गौरीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायला दर वर्षी गोळ्या घ्यायचे, त्यानेच झालं का गं?" रुचिरा म्हणाली, "आई, एका गोळीवर असं खापर फोडता येत नाही. वय असतं, बाळंतपणं असतात, जनुकं असतात. कशाने झालं ते मला नाही सांगता येत." सुलू म्हणाली, "एवढी शिकलीस आणि सांगता येत नाही?" आणि हसली. रुचिरा हसली नाही. गेल्या श्रावणात सुलू गेली.

आता मागणं. परवा रुचिराला माझ्याकडे जेवायला बोलावलं होतं. कोंबडी-वडे केले होते. जेवण झाल्यावर ती गॅलरीत गेली. मी मागून पाहिलं तर उजव्या बरगडीखाली हात.

"काय गं?"

"काही नाही मावशी. अॅसिडिटी."

"सगळ्या मुंबईच्या सोनोग्राफ्या करवल्यास. तुझी?"

"वेळ कुठेय?"

"खोटं बोलू नकोस."

तिने बरगडीखालचा हात काढून कठड्यावर ठेवला. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी आईने स्क्रीनकडे बघितलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला तिथेच कळलं. आता मी आडवी झाले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

त्याचं उत्तर आज देते. माझ्या तोंडाकडे बघ, बाळा. मला त्या स्क्रीनवरचं काही कळत नाही, त्यामुळे माझ्या तोंडावर तुला काहीच वाचता येणार नाही. काय असेल ते डॉक्टर सांगतील, आणि ते ऐकताना तू एकटी नसशील. नुसते खडे असले तर त्यावर उपाय आहे. तुझ्या आईलाही तो होता, वेळेत गेली असती तर. मला आणखी कुणाला सार करून द्यायचं नाही.

सोनटक्के सर, उद्या सकाळी हिच्या सोनोग्राफीला वेळ मिळेल? सर हो म्हणतायत. रुचिरा, तू? मोठ्याने सांग, मागच्या बायकांना ऐकू येत नाही.

हो म्हणाली.

शर्मिष्ठाताई, निरोपाच्या सभेत मी घरचं गाऱ्हाणं मांडलं. मंडळाने हा दिवस साजरा केला, सर वेळ काढून आले, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलता बोलता काही कमीजास्त झालं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि रुचिरा, रात्री हलकं जेव. सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही. मीही घेणार नाही. परत येताना दोघी मिळून घेऊ.