न दिसणारा आकडा

"हॅलो?… हॅलो, छोटी? आवाज तुटतोय. थांब, खिडकीशी येते… हं, आता बोल."

थोरली गच्चीवरच्या खोलीत होती. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. कपाटं खाली गेली होती आणि भिंतीवर त्यांच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्या होत्या. एका खोक्यावर लॅपटॉप उघडा होता. मधोमध बाबांची दुर्बीण होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली, माणसाच्या उंचीची.

"नाही गं, हलतच नाहीये. कालपासून साडेअकरा हजारांवर अडकलंय… हो, लिलावाचं पान परत उघडून पाहिलं. किती वेळा उघडायचं? अगं, पहिल्या दोन दिवसांत कशी झुंबड होती, आठवतंय ना? शंभरपासून सुरुवात म्हटल्यावर जो तो हात धुऊन घेत होता… हो, तूच म्हणालीस, सुरुवात कमी ठेवली की माणसं जमतात. जमली की. आणि मग एकेक जण उठून गेला… का म्हणजे? त्या लाल ओळीमुळे."

बाबांनी सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासण्यात काढलं. दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली होती. तिचा आरसा रोज दुकानातून आल्यावर इथेच बसून घासला होता. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाच दुखणं लागलं होतं. मधोमध काळा डाग आणि कडेकडेने थोडं जग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. उद्या सकाळी सामानाची गाडी येणार होती आणि बाबा थोरलीकडे राहायला जाणार होते. तिचं घर तळमजल्यावर, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. म्हणून दुर्बीण ऑनलाइन लिलावात लावली होती. ते सगळं दुसऱ्या शहरात राहणाऱ्या धाकटीने तिच्या खात्यावरून केलं होतं; थोरलीच्या लॅपटॉपवर नुसतं पान आणि निरोपांची खिडकी उघडायची.

"वाचते ना. 'राखीव किंमत अजून गाठलेली नाही.' माणूस बोली लावतो, ही ओळ. वाढवतो, परत हीच ओळ. आता तू दुकानात गेलीस, भाव केलास, आणि दुकानदार नुसता मान हलवतोय. किती हवेत ते सांगत नाही, नुसतं 'अजून, अजून'. कितीदा विचारशील?… तेच. दोनदा विचारशील आणि पिशवी उचलून चालू लागशील."

खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी टॉवेल वाळत पडलेले दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत ऐकत राहिली.

"ते कळतं गं मला. मातीमोल जाऊ नये म्हणून ठेवायची असते, त्याच्या खाली विकायचंच नाही… हो, हो… अगं ऐक ना. पंधराच ठेवलीय ना आपण? मग साडेअकरापासून पंधरापर्यंत यायला असं कितीसं अंतर… हॅलो? छोटी, गप्प का झालीस?"

धाकटीची ही शांतता तिच्या ओळखीची होती. लहानपणी कपबशी फुटली की ती अशीच आधी गप्प व्हायची आणि मग रागावणार नाहीस असं वचन मागायची.

"नाही रागावत. बोल… किती?… परत सांग… चाळीस?"

थोरली खोक्याच्या कडेवर बसली.

"कोणी सांगितलं तुला चाळीस करायला?… बाबांनी? कधी केला त्यांनी तुला फोन? मला एका शब्दाने… बरं. बरं, तू रडू नकोस आता. अगं, त्यांना नाही म्हणवलं नाही हे समजतं मला. मला तरी कुठे म्हणवतं?… थांब. थांब थांब. हललं. बारा झाले… बेकरीवालीच आहे."

ते पानावरचं टोपणनाव होतं. बाईची खरी ओळख कुणालाच नव्हती. लिलाव लागल्यावर तिने निरोपाच्या खिडकीत लिहिलं होतं की तिची बेकरी आहे, पहाटे कणीक फुगायला ठेवली की भट्टी तापेपर्यंत हातात वेळ असतो, वर गच्ची आहे आणि त्या वेळी आकाश काळंभोर असतं. मग आरशाबद्दल तिने असे नेमके प्रश्न विचारले की बाबा खुर्चीत ताठ बसले. थोरलीला समोर बसवून त्यांनी लांबलचक उत्तर सांगितलं, मध्येच दोनदा खोडायला लावलं. आई गेल्यापासून इतकं सलग बोललेले ते तिला आठवत नव्हते.

"तेरा… हो, एकटीच. दुसरं कोणी उरलेलंच नाही. स्वतःच्याच बोलीवर बोली चढवतेय. अंधारात जिना चढल्यासारखं चाललंय गं तिचं. प्रत्येक पायरीला वाटत असेल, आलाच मजला. आणि आपल्याला माहितेय वर किती मजले आहेत… मग कमी कर ना. आत्ताच्या आत्ता कर. तुझ्या खात्यावरून होतं ना?… करडं म्हणजे?… बटण दाबलंच जात नाही? शेवटच्या दिवशी बदलता येत नाही, असं कुठे लिहिलंय?… हं. आणि लिलावच रद्द केला तर?… तेही नाही. बोली लागलेली आहे म्हणून. छान. वस्तू आपली, आकडा आपला, आणि हात लावायची सोय नाही."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. पानाच्या कोपऱ्यात उरलेला वेळ सरकत होता. आता अर्धा तासही नव्हता.

"चौदा… छोटी, पंधरा झाले."

दोघींनी मिळून ठरवलेला आकडा तोच होता. तो तसाच ठेवला असता तर दुर्बीण या क्षणी विकली गेली होती.

"ओळ?… आहे ना. तिला काय झालंय? आहे तिथेच आहे… थांब, बाबा येतायत वर. फोन ठेवू नकोस. बाबा, हळू. शेवटची पायरी उंच आहे. हां, इकडे या, या खोक्यावर बसा. छोटी आहे फोनवर… सोळा झालेत, बाबा. हो, सोळा हजार… नाही, थट्टा नाही करत."

बाबा हसले. एका हाताने चादरीवरून दुर्बिणीची नळी चाचपली आणि तिच्याजवळ सरकून बसले.

"छोटी, ऐक, बाबा काय म्हणतायत. म्हणतायत, बघा, चाळीस लावले म्हणून तर सोळापर्यंत आले. कमी लावले असते तर लोकांना वाटलं असतं, अडगळ काढतायत… हो, तुझं कौतुक चाललंय. माझ्या धाकटीने ऐकलं माझं, म्हणतायत… बाबा, एक विचारू? हे चाळीस कुठे लिहिलेत असं वाटतं तुम्हाला?"

बाबांनी पडद्याकडे बोट केलं. बोट जरा बाजूलाच गेलं.

"तिथे नाहीयेत, बाबा… नाही, खालीही नाहीत. कुठेच नाहीत. तो आकडा कोणालाच दिसत नाही. मलासुद्धा आत्ता छोटीने सांगितला तेव्हा कळला… बोली लावणाऱ्याला एवढंच दिसतं की तुझे पैसे पुरत नाहीत. किती हवेत, ते नाही दिसत."

दुकानात प्रत्येक चष्म्याच्या काडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असायची. चिठ्ठीवर मोठा आकडा असला की गिऱ्हाईक तो चष्मा दोन्ही हातांनी उचलायचं, हे बाबांनी मागच्या खोलीच्या दारातून हजार वेळा पाहिलेलं होतं. दुर्बीणही कुणीतरी तशीच दोन्ही हातांनी उचलावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. थोरलीला ते आता कळलं. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि हळूहळू त्याच्यातला जीव गेला.

"छोटी, त्यांना ठाऊकच नव्हतं गं. त्यांना वाटलं, ठळक अक्षरांत वर लागलाय… अगं तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, त्यांना दिसत नाही. कोणी कोणाला काय बोलायचं?… अठरा. तिचा निरोपही आलाय. वाचते. बाबा, तुम्हीही ऐका. 'राखीव किंमत किती आहे ते सांगाल का? जवळ आले असेन तर अजून ओढाताण करीन. लांब असेल तर उगाच आशा नको.'"

तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"सांगू?… सांगितलं तर जाईल ती. नाही सांगितलं तरी जाणारच आहे, दमून जाईल… बाबा मान हलवतायत. सांग म्हणतायत. बरं, लिहिते… नुसतं चाळीस कसं लिहीन? 'माफ करा' लिहिलंय आधी… फोन नंबर? तोही घातला. पाठवते… हे बघ. नंबराच्या जागी फुल्या आल्या. अगं फुल्या, फुल्या. चाळीस तेवढं गेलं, फोन नंबर दिसला की खोडून टाकतं ते. बाहेरच्या बाहेर व्यवहार नको म्हणून असेल. अक्षरांत लिहून बघू? नऊ… आठ… नाही, तेही खोडलं. शहाणंच आहे मेलं."

बाबा मधूनमधून विचारत होते, आणि ती मानेनेच नाही म्हणत होती. मग तिला आठवायचं की मान त्यांना दिसत नाही.

"नाही, बाबा, अजून उत्तर नाही… आलं. छोटी, आलं. 'सांगितलंत ते बरं केलंत. मग माझ्या आवाक्यातली नाही ती. जिथे जाईल तिथे वर उघडं आकाश असू दे.' एवढंच… हो, एवढंच लिहिलंय… बाबा? चादरीवर हात ठेवून बसलेत."

पानाच्या कोपऱ्यातला वेळ आता सेकंदांवर आला होता. ती मनातल्या मनात काहीच मागत नव्हती. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"थांब… एकोणीस. छोटी, तिने परत लावली. एकोणीस हजार… मला काय माहीत का? चाळीस आहेत हे कळल्यावरही लावली. उपयोग नाही हे तिलाही कळत असेल ना… मला वाटतं, जवळ होते तेवढे पैसे सांगून गेली ती… हो, बाबा, एकोणीस. तिनेच… संपलं. 'राखीव किंमत न गाठल्यामुळे विक्री झाली नाही.' आणि निरोपाची खिडकीही मिटली. क्लिक केलं तर काहीच होत नाही… सगळ्यात मोठ्या बोलीवाल्याला नंतर विचारता येतं ना? तू म्हणाली होतीस… या साइटवर नाही? नीट बघितलंस?… बरं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा एकसुरी आवाज वर येत होता. बाबा काहीतरी म्हणाले. थोरलीने फोन छातीशी धरला, वाकून ऐकलं, दोनदा विचारून खात्री केली.

"छोटी? बाबा म्हणतायत, परत लाव. राखीव नको… हो, काहीच नको. येईल त्याला द्यायची… अगं मी सांगितलं त्यांना. भंगारवालाही घेऊ शकतो, नळीच्या पत्र्यासाठी घेईल आणि आरसा टाकून देईल, हेसुद्धा सांगितलं… चालेल म्हणाले. नाही, 'चालेल' नाही म्हणाले. 'मग काय करणार' म्हणाले… तोपर्यंत आमच्याकडे ठेवू. दाराशी चपलांचं कपाट आहे ते हलवीन. आडवी नाही ठेवता येणार, उभी राहील… सुरुवात किती? विचारते. बाबा, सुरुवात किती ठेवायची?… एक म्हणतायत. एक हजार नाही गं. एक."

पलीकडे धाकटीच्या बोटांचा टकटकाट ऐकू येत होता.

"आलं पान. लाल ओळ नाहीये. बोडकं दिसतंय अगदी… लागली एक बोली. अजून एक. ज्यांनी आधी नजर ठेवली होती त्यांना आपोआप कळतं वाटतं?… मग तिलाही कळलं असेल ना?… हो, बघत असली तर. आता मिटवून गेली असेल, भट्टीचं बघायचं असेल… बघ, कसे जमले परत सगळे. मघाशी एकालाही वेळ नव्हता… नाही, तिचं नाव नाही. मी बघतेय ना, प्रत्येक नाव बघतेय. नाही."

बाबांनी विचारलं.

"दोनशे साठ, बाबा. वाढतील हळूहळू… छोटी, बाबा म्हणतायत, नको असेल तर आत्ता थांबवता येईल का… कळलं. पहिली बोली लागली की नाहीच… मी सांगते त्यांना. नाही, तू नको सांगूस. मीच सांगते."

पण तिने लगेच सांगितलं नाही. बाबा उठून उभे राहिले होते आणि दुर्बिणीवरची चादर जिथे सुटली होती तिथे हातांनी चाचपून खोचत होते. चादर परत परत निसटत होती.

"ठेवते मी आता. ऊन उतरलं की त्यांना जिना मुळीच दिसत नाही, त्याच्या आत खाली न्यायला हवं… नाही, जेवले नाहीत. जेवतील… तू बघत राहा पानाकडे. पण आज मला फोन करून आकडे सांगू नकोस. बाबा प्रत्येक वेळी विचारतील, आणि मला सांगावं लागेल… हो. तिचं नाव दिसलं तर कर. तेवढ्यासाठी कर… कितीही वाजता कर… आले, बाबा. उभे राहा तिथेच, हात देते… चारशे दहा. हो, चारशे दहाच… छोटी, ठेव गं आता."