पत्र्याच्या खोलीचा खेळ

माझं गाव लातूरकडचं, औश्याच्या पुढं, शाळा सातवीपर्यंत होती, मी सातवी झाले अन् घरी बसले, वडील गवंड्याच्या हाताखाली होते, आम्ही तिघी बहिणी अन् मी मधली. मधलीकडं कुणाचं लक्ष नसतंय बगा, त्यानं एक झालं, मला कामाची सवय लागली अन् तोंड चालवायची पण लागली. आई म्हणायची, या मंगलला नवरा मिळाला तर तो बहिराच बगावा लागल. तर तसा नाही मिळाला, चांगला ऐकू येणारा मिळाला, फक्त बोलत नाही. मालक तवा इकडं चाकणला एका गोडाऊनमधी फोर्कलिफ्ट चालवायचे, अजून तेच चालवतेत. गावात सगळ्या म्हणल्या, मंगल पुण्याला गेली. कसलं पुणं घेऊन बसलाव, गाडीतून उतरले ती निघोज्यात, पत्र्याच्या खोल्यांची रांग, एका रांगेत अकरा खोल्या, संडास पार शेवटाला, अन् पाणी बोअरचं, तेबी एक दिवसाआड. मी मालकाला म्हणलं, हे पुणं हाय का. ते म्हणले, पुणंच हाय, जरा अलीकडं हाय.

आता सुनीताचं सांगते, कारण तिच्याशिवाय माझं काहीच सांगता येत नाही. ती हिंगोलीची, माझ्या शेजारच्या खोलीत, मधी एकच पत्रा. तिची रोशनी अन् माझी स्वरा दीड महिन्यानं मागंपुढं झालेल्या. घरी बसून भागत नव्हतं, दोघींनी मिळून एकाच कंपनीत नाव लावलं, गाडीत ज्या वायरी असतेत ना, त्यांचे जुडगे बांधायचं काम, समोर मोठा बोर्ड, त्याच्यावर वायर अंथरायची अन् टेप गुंडाळत जायचं. दिवसभर उभं राहून. तर पोरी कुणाकडं ठेवायच्या. मग आम्ही ठेकेदाराच्या पाया पडून उलट्या शिफ्ट मागून घेतल्या, मी फर्स्टला गेले की ती सेकंडला, मी येईपर्यंत दोन्ही पोरी तिच्याकडं, ती गेली की दोन्ही माझ्याकडं. खोल्यांजवळच्या थांब्यावर मी बसमधनं उतरायची, ती चढायची, तेवढ्यात सांगायचं, स्वराला जुलाब झालेत, रोशनी झोपलीय, दोघी शेजारणीपाशी दिल्यात, डाळ झाकून ठेवलीय. काय सांगू ताई तुम्हाला, एकदा माझी बस पुलाखाली अडकली, दोन तास, स्वरा आठ महिन्यांची, भुकेनं लाल झाली रडून, तर सुनीता त्या दिवशी कामालाच गेली नाही, खाडा केला अन् स्वतःच्या अंगावर पाजलं तिला. मी आले तर दोन्हीकडं दोन पोरी घेऊन बसलेली. मला म्हणली, आता ही माझी पण झाली, उद्या हिच्या लग्नात मला मान पाहिजे. मी म्हणलं, देते की, साडी देते.

तशी चार वर्षं काढली आम्ही.

मग माझं नशीब म्हणा नाही तर तोंड म्हणा, मी लाइन लीडर झाले. साहेबाला असं कुणी तरी लागत होतं की जे बायकांना बोलल अन् बायका ऐकतील. टोपीचा रंग बदलला, उभं राहायचं ते फिरायचं झालं. आम्ही मोशीत फ्लॅट घेतला, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट हाय. स्वरा इंग्लिश मीडियमला घातली. सोसायटीत मी कुणाला सांगितलं नाही की आम्ही पत्र्याच्या खोलीत होतो, म्हणजे कुणी इचारलं नाही, अन् इचारलं असतं तरी सांगितलं नसतं. आधी चिखलीला होतो असं म्हणायची. चिखलीला कुठं म्हणलं की विषय बदलायची.

सुनीता तिथंच राहिली, त्याच लाइनीवर, आता माझ्या हाताखाली. ती पर्मनंट नाही, ठेकेदाराची. ठेकेदाराच्या बायकांचं असं असतंय की सात महिने झाले की ब्रेक देतेत, म्हणजे घरी बसवतेत, महिना-दीड महिना, अन् मग नवीन लागल्यासारखं परत लावतेत, म्हणजे कायम करायची भानगड नको. सगळ्यांना ठाऊक असतंय. आता कुणाला परत बोलवायचं, त्याची नावं लाइन लीडर देते. म्हणजे मी. चिठ्ठीवर नावं लिहायची अन् ठेकेदाराच्या माणसाकडं द्यायची, तो कधीच काही इचारत नाही.

तर झालं असं की एक दिवस चहाच्या वेळेला सगळ्या बसल्या होत्या, नवीन पोरी होत्या, साहेब पण होते तिथंच जवळ, अन् सुनीता हसत हसत सांगायली, आमची मंगी लई चलाख, आम्ही नवीन होतो तवा कँटीनच्या उरलेल्या चपात्या डब्यात भरून आणायची, एकदा डबा सांडला गेटवर, वॉचमन बघतच राहिला. खरं होतं ते. त्या चपात्या आम्ही दोघींनी मिळून खाल्ल्या होत्या, तिनं मायेनंच सांगितलं, स्वतःवर पण हसली. साहेब पण हसले. पण मला असं झालं की जमीन फाटली तर बरं. मी म्हणलं, चला, चहा झाला, लाइनीवर चला. अन् पुढच्या महिन्यात तिच्या बॅचचा ब्रेक आला, सातजणी होत्या, दीड महिन्यानं मी सहा नावं लिहिली.

मला कुणी सांगितलं नव्हतं ताई. साहेबानं नाही, ठेकेदारानं नाही. तिचं काम माझ्या लाइनीवर एक नंबर होतं. हे मी आजपर्यंत मालकाला पण सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगायलेय.

तिनं फोन केले, मी उचलले नाहीत. मग ती घरी आली. इकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असती, म्हणून तिला ठाऊक की गुरुवारी मंगल घरीच. मी वरून गॅलरीतनं बघितलं, ती गेटवर वॉचमनला माझं नाव सांगायली होती, हातात पिशवी. मला काय झालं कुणास ठाऊक, मी स्वराला म्हणलं, आता बेल वाजल, तू दार उघड अन् सांग आई घरी नाही. ती म्हणली, पण तू तर आहेस. मी म्हणलं, सांगते तेवढं कर. अन् मी बाथरूममधी जाऊन नळ सोडून बसले, ऐकू येऊ नये म्हणून. सात वर्षांची पोर, गेली, सांगून आली. मी इचारलं, काय म्हणली. स्वरा म्हणली, काही नाही, गेली. पिशवीत शेंगाची चटणी होती, ती दारातच देऊन गेली होती. मी चटणी खाल्ली नाही, टाकली पण नाही, कितीतरी दिवस फ्रीजमधी तशीच.

त्याच महिन्यात स्वराच्या शाळेतून तो खेळ घरी आला. कुण्या संस्थेनं शाळेला दिलेला, मोठी पेटी, दर मुलाच्या घरी दोन दिवस फिरवायची. उघडली तर आत काय असावं, पुठ्ठ्याच्या पत्र्याच्या खोल्या, रांगेनं. कापडाच्या बाहुल्या, एक टँकर, करंगळीएवढाले हंडे, अन् एका पाकिटात चिठ्ठ्या, आज पाणी आलं नाही, बाळाला ताप आहे, घरमालक खोली खाली करा म्हणतो. गरिबांचं जगणं मुलांना कळावं म्हणून. मला असा राग आला म्हणता. म्हणलं, ज्या खोलीतून पोरीला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणलं, तीच खोली आमच्याकडून फी घेऊन खेळायला देतेत व्हय. बाहुली द्या, गाडी द्या, लेकरांनी लेकरांसारखं खेळू नये का. वर शेजारच्या जोशीकाकू आल्या होत्या, त्या म्हणल्या, किती गोड केलंय हो, हंडे बघा. स्वरानं इचारलं, यांचा टॉयलेट कुठंय. माझ्या तोंडातून निघून गेलं, बाहेर असतो, रांगेच्या शेवटी. काकू म्हणल्या, तुम्हाला बरं माहीत. मी म्हणलं, टीव्हीत बघितलंय.

पेटी मी कपाटावर ठेवून दिली अन् ठरवलं, शाळेत जाऊन चांगलं सुनवायचं. शाळेनं पालकांना बोलावलंच होतं, गुरुवारीच, कंपनीवाल्यांना जमावं म्हणून. त्यांना मुलं कशी खेळतेत ते दाखवायचं होतं अन् आमचं मत घ्यायचं होतं. मी चांगली साडी नेसून गेले, मनात सगळं बोलणं तयार. लहान लहान बाकांवर आम्ही आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. मधी ती रांग मांडलेली, पलीकडं पुठ्ठ्याची उंच बिल्डिंग पण होती. बाई म्हणल्या, प्रत्येकानं एक चिठ्ठी घ्यायची अन् चिठ्ठीतल्या बाईनं आता कुणाकडं जावं ते खेळून दाखवायचं. एका मुलीनं बाहुली डॉक्टरकडं नेली. एकानं पोलिसाकडं नेली, सगळे हसले. मग स्वराचा नंबर. बाईंनी चिठ्ठी वाचली, हिचं काम सुटलं आहे.

स्वरानं बाहुली उचलली, सरळ बिल्डिंगकडं नेली, एक एक मजला चढवली, तिसऱ्याला थांबवली. बेल वाजवली तोंडानं. मग दुसरी छोटी बाहुली दारात आणली अन् म्हणली, आई घरी नाहीये. मग मोठ्या बाहुलीच्या आवाजात, बरं बाळा, कधी येईल. माहीत नाही. मग मोठी बाहुली वाकली अन् म्हणली, किती मोठी झालीस गं, तुला मी अंगावर पाजलंय, तुला कसं आठवल. अन् छोटीच्या गालाला हात लावला. मग परत खाली, एक एक मजला.

हे मला ठाऊकच नव्हतं ताई. मी नळ सोडून बसले होते ना. पोरीनं मला म्हणलं होतं, काही नाही, गेली.

बाईंनी इचारलं, मग आता स्वरा, आई खरंच घरी नव्हती का. स्वरा म्हणली, होती की, बाथरूममध्ये होती, पण असं सांगायचं असतं. सगळे पालक हसले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणले, आजकालची मुलं, काय निरीक्षण असतं. मी पण हसले. हसले मी, एवढ्या लोकात.  मला आधी वाटायचं, हा खेळ माझ्या पोरीला नको ते शिकवील, पण तिला आधीच सगळं येत होतं अन् ते मीच शिकवलं होतं. शेवटी बाईंनी कागद दिला मत लिहायला, मी लिहिलं, खेळ चांगला आहे, अन् सही केली. जे सुनवायला गेले होते त्यातलं एक अक्षर निघालं नाही.

तिथून घरी नाही गेले. स्वराला घेऊन रिक्षानं सरळ निघोजे. सुनीता खोलीतच होती, कपडे वाळत घालायली होती. मला बघून तिनं चिमटे तोंडातून काढले अन् म्हणली, ये. बसायला तीच लोखंडी खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचं, सहा नावांचं, चपात्यांचं. रडले पण. ती नाही रडली. चहा ठेवला. मग स्वराकडं बघत म्हणली, मला ठाऊक होतं तू घरात हायस, चपला दारातच होत्या तुझ्या. तुला द्यायचं नव्हतं काम तर तूच दारात येऊन नाही म्हणायचं होतंस मंगे, मी गेले असते, मी काय भांडले असते का. लेकराच्या तोंडून काहून वदवलंस.

 चहा गार झाला, तो पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव दिलं ठेकेदाराकडं, त्यानं फोन पण केला तिला. ती आली नाही. महाळुंग्याला एका मेसमधी चपात्या करती, दोन वेळा. भेटली तर बोलती, नीट बोलती, रोशनी कितवीला हाय ते सांगती, स्वरा कशी हाय ते इचारती. जसं कुणाशी पण बोलावं तसं बोलती. रोशनी लई हुशार हाय, तिचं चांगलं होऊ दे, देवाकडं रोज आधी तिचं मागते, मग स्वराचं. एवढंच आता माझ्या हातात हाय.

तुम्ही लिहिताव तर लिहा, नाव घातलं तरी चालल. सोसायटीत वाचतील, वाचू द्या. मला त्याचं काही नाही राहिलं. स्वराला मी बसवून सांगितलं, सुनीता मावशी कोण, आपण कुठं राहायचो, आईनं काय केलं, सगळं. तिनं ऐकलं, मान हलवली, अन् खेळायला गेली. म्हणलं, इथून पुढं कुणी पण येऊ दे, मी घरात असले तर आहे म्हणायचं. हो म्हणली. पण अजून पण बेल वाजली की ती लगेच दाराकडं जात नाही. आधी माझ्या तोंडाकडं बघती, आज काय सांगायचं म्हणून.