उत्तमभाऊचं जैसलमेर

आता तुम्हीच सांगा, अकरा वर्षांत सौंसरातलं कोणी जैसलमेरले निघालं अन् आधी उत्तमभाऊच्या ओट्यावर येऊन बसलं नाही, असं झालं का कधी? नाही झालं. कारण पयले कोण गेलं होतं? उत्तमभाऊ. भूगोलाचा मास्तर, अन् वरून उंटावर बसून आलेला... कोणी आलं का हा चष्मा पुसणार अन् सुरू. "हे पाहा, दिवसा चटके अन् सांजचं हुडहुडी, तं स्वेटर घ्याच, पण ब्यागेत वरतंच ठेवा. पुऱ्या बाह्यांचे सुती कपडे, दुपट्टा, ओठाले व्हॅसलिन, मोबाईलले प्लास्टिकची थैली, रेती शिरते. किल्ला सकाळी पाहा, गडीसर तलाव उन्हं उतरल्यावर. अन् उंट उठतानी मागं झुका, नाही तं तोंडावर पडसान." लोकं लिहून घेत, तुम्हाले सांगतो, पेपरात येणार असल्यासारखं.

अन् यंदा दिवाळीनंतर गेला कोण, तं नितीन, ह्याचा सख्खा साळा, पांढुर्ण्यात कपड्याचं दुकान आहे त्याचं. आठ दिवस राहून आला, मोबाईल भरून व्हिडिओ घेऊन आला, अन् झालं... सौंसरची लोकं बस पकडून पांढुर्ण्याले जाऊन राहिली विचाराले. उत्तमभाऊच्या दारावरून. अन् पयले कोण गेलं होतं?

"मले काय त्याचं," उत्तमभाऊ म्हणे. पण रविवारी सासऱ्याच्या गुडघ्याची चौकशी कराची म्हणून निघाला ना अलकावहिनीले घेऊन. मलेही ओढलं संगं. गुडघा राहिला बाजूले. बैठकीत नितीन चार जणांले सांगून राहिला होता, "बूट न्या, रेतीत चप्पल टिकत नाही."

"बुटात रेती भरते," उत्तमभाऊ कोपऱ्यातून.

"जिजाजी, तुमच्या टायमाले भरत असंल," नितीन म्हणे, अगदी अदबीनं. "तुम्हाले उंटावरून किती वेळ लागला होता, सम गावच्या रेतीच्या टेकड्यांपर्यंत?"

उत्तमभाऊनं पाणी मागितलं. "अर्धा तास."

आता खरं सांगू? शाळेतल्या मास्तर लोकांची दीड दिवसाची सहल होती ती. त्यातला एक दिवस हा पोट धरून धरमशाळेत पडला होता. उंटावर बसला तो फोटोपुरता, उंट उठलाच नाही जागचा. मले कसं माहीत? फोटो मीच काढला ना. म्हणजे पयले गेलो तं मीबी होतो... पण मले कोणी विचारते का? जाऊ द्या.

परतीच्या बसमध्ये दोघं समोरच्या सीटवर, मी मागं. अलकावहिनी हळूच म्हणे, "तुमचा उंट बसलेलाच होता, मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"फोटो पाहिला तवापासून. सांगितलं का मी कोणाले?"

उत्तमभाऊनं चष्मा काढून पुसला. मग म्हणे, "आपण दोघं जाऊ. चांगले चार दिवस राहू."

"आता कायले? नितीननं सारं दाखवलं मोबाईलवर. पाहून झालं माझं जैसलमेर."

संत्र्याचे दोन-तीन बगीचे मागं गेले. मग उत्तमभाऊ आस्ते म्हणे, "बरं... उटीले नाही ना गेलं अजून सौंसरचं कोणी?"

"सौंसरचं नाही," वहिनी म्हणे, "पण नितीनची तिकिटं झाली, मे महिन्याची."

उत्तमभाऊनं डोळे मिटले, ते कंडक्टरनं हलवलं तवाच उघडले.