गोलकीपरचा बाप

— न्हाई न्हाई, आधी बसा तुमी नवनाथभाऊ, त्या बाकावर बसा, आन हेल्मेट काढा आधी, हेल्मेटात माणूस ऐकतो का न्हाई ते कळत न्हाई. तेजल तिकडं गोलात उभी हाय, सहा वाजेपर्यंत कुठं जात न्हाई. तुमी कशाला आलाय ते मला ठाऊक हाय. रविवारी पोरीला बघायला पाव्हणे येणार, दहा वाजता, आन रविवारी दहालाच आमची फायनल. तवा पोरीला घेऊन जायला आलाय. व्हय ना? — थांबा, मला बोलू द्या, मग तुमी बोला. कोच बाई हाय मी, माझी सवयच हाय ती.

आता बगा, मी मुळात कबड्डीची. फुटबॉल मी टीव्हीवरसुद्धा बघितला न्हवता. अकरा वर्षांमागं प्रिन्सिपॉल सर म्हणाले, विजयश्रीबाई, मुलींची फुटबॉल टीम काढा — का, तर अख्ख्या विभागात पाचच कॉलेजांची टीम हाय, एक मॅच मारली की सेमीफायनल. हिशोब बरोबर होता हो, फक्त ती एक मॅच मारायला आमाला सात वर्षं लागली. पहिल्या मॅचला काय झालं सांगू? समोरची पोरगी बॉल घेऊन सुसाट आली, आन आमच्या पोरीनं तिच्या घोट्याला पकड केली. काय देखणी पकड! मी उभी ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या. रेफ्रीनं खिशातनं लाल कार्ड काढलं — मला वाटलं बक्षीसबिक्षीस देतायत, मी पोरीला म्हटलं घे घे, लाजू नको. चौदा-शून्य हरलो. परत येताना टेम्पोत पोरी गाणी म्हणत होत्या, आन मी नियमांचं पुस्तक वाचत होते.

हसला! हसा, हसा. म्हणजे माणूस बरा हाय. मग शिकले मी. सुट्टीत कोर्स केला, एकवीस वर्षांच्या पोरांबरोबर पळाले, गुडघा गेला माझा त्यात — हा डावा. हे मैदान बगताय ना, अर्धं कॉलेजचं आन अर्ध्यावर कंपन्यांचे ट्रेलर उभे असतात, बॉल खाली गेला की पोरगी लोळत जाऊन काढते. त्या लोळण्यानंच आमचा डिफेन्स पक्का झाला. सगळं जमलं, एक गोलकीपर मिळंना. पोरी बॉल आला की डोळे मिटायच्या.

आन मग चऱ्होलीत मला तुमची तेजल दिसली. आमी फ्लॅट बघायला गेल्तो, बांधकाम चालू होतं, तुमी खाली उभे — तुमीच, निळा शर्ट होता — आन खालनं वीट फेकत होता, आन वरच्या मजल्यावर ही पोरगी वाकून झेलत होती. एक, दुसरी, तिसरी. बोलणंसुद्धा चालू होतं तिचं, मधेच शिंकली, तरी वीट सुटली न्हाई. आमच्या ह्यांना म्हटलं, फ्लॅट ऱ्हाऊ द्या, मला ही पोरगी पायजे. तवा भाऊ, तिचे गुरू तुमी. मी फक्त तिला कॉलेजात आणलं आन विटेच्या जागी बॉल दिला. आन पेनल्टीला आजसुद्धा ती कुणाला बघत न्हाई, बॉल मारणारीचा खांदा बघते. ते तुमीच शिकवलेलं असणार.

— थांबा ना, संपतच आलंय. दुसरी गोलकीपर मोनिका, तिचं बोट प्लॅस्टरमध्ये हाय. तेजल न्हाई तर माझ्या अकरा वर्षांतली पहिली फायनल गेली बगा. मी काय म्हणते, पाव्हण्यांना दुपारी बोलवा. चारला. त्यांना चालतंय. मुलगा बी रविवारी मोकळाच असतो, कंपनीत कॉलिटी खात्यात हाय, शिफ्ट न्हाई. आन पोह्यात शेंगदाणे तेवढे घालू नका, वन्संना दातांत अडकतात —

काय? कोण वन्सं?

आता तोंडातनं गेलंच हाय. मुलाची आई माझी नणंद हाय भाऊ. रुक्मिणीबाई. गणराज माझा भाचा लागतो. आन हे स्थळ — असं बघू नका — हे स्थळ माझ्यामुळंच आलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंधरा बायका बसलेल्या, आन मी काय बोलून गेले, तर आमच्या तेजलचे हात! कितीबी जोरात येऊ दे, हातातनं काय सुटत न्हाई! मी सेमीफायनलचं सांगत होते हो. पण आपल्याकडं हळदीकुंकवाला बिनलग्नाच्या पोरीचं एवढं कौतुक करायचं म्हणजे ते स्थळच सुचवणं झालं. वन्संनी तिथंच वाण हातात घेऊन विचारलं, आडनाव काय? मी तीळगूळ खात होते, सांगून टाकलं.

पोरगा चांगला हाय, ती काळजी न्हाई. पण चांगल्यानंच घोळ होतो. मी विसाव्या वर्षी राज्याच्या निवडीला उभी होते, निगडीच्या मैदानावर, आन माझे वडील, आमचे अण्णा, सायकलवर आले. पाव्हणे बसलेत म्हणाले. मी गेले. हाफ पँटवरच साडी नेसले. आन नवरा चांगला निघाला हो, लाखात एक, त्यामुळं कुणावर चिडायलाबी जागा ऱ्हायली न्हाई. म्हणून तुमाला हात जोडते. झालं, आता बोला तुमी.

काय म्हणता?

कालच? वन्संना फोन करून सांगितलंत? काय सांगितलंत — पोरीची मॅच हाय, ह्या रविवारी जमणार न्हाई, पुढं कधीतरी बघू. एवढंच? आन त्या काय म्हणाल्या? बरं म्हणाल्या.

मग आज कशाला आलात? — साईटवर सुट्टी सांगायचीय, मॅच कुठं हाय ते विचारायला. अहो मग मघाशीच बोलायचं ना! मी काय तोंड धरलं होतं तुमचं?

धरलं होतं म्हणा.

फोन करायचा, आन सांगायचं, पोरीची मॅच हाय. बास. आमच्या अण्णांच्या वेळी फोन गावात एकच होता, पोस्टात. — न्हाई. फोनचं काय न्हाई त्यात.

जावा आता तुमी. रविवारी साडेनऊला या, इथंच. गोलच्या मागं उभं ऱ्हायचं न्हाई, कीपर बावचळतो. जावा म्हणते ना भाऊ. मला जरा बसू द्या.