भैरीबुवापुढे दिलेला होकार

मंडळी, ऐका! पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. आज एकच प्रश्न विचारतो — तोंडातून गेलेला शब्द माणसाला कधी बांधतो? अर्थ कळल्यावर? की उच्चारला त्याच क्षणी?

हं! पुढचे आजोबा हसले. आजोबा, लग्नात भटजींच्या मागोमाग काय काय म्हणालात, सगळं कळलं होतं? नाही ना! पण संसार निभावलात की नाही? आजींनाच विचारू का? — नको, राहू दे, रात्री जेवायचंय आजोबांना!

तर कोकणात, खाडीच्या अंगाला, आंबेकोंड नावाचं गाव. ग्रामदैवत भैरीबुवा. गावाची रीत अशी, की काहीही ठरवायचं असलं तर देवळापुढं जमायचं. गावकार म्हणजे गावचा मुख्य मानकरी. त्यानं नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं आणि दर वाक्याला सगळ्या गावानं एका दमात म्हणायचं — "व्हय म्हाराजा!" एकदा होकार गेला की गेला. फिरवायचा नाही! गावकार होते धोंडबा मांडवकर. आवाज असा, की गाऱ्हाणं सुरू झालं की वडावरचे कावळे उडायचे.

त्या साली शाळेचं छप्पर उतरवलेलं. म्हणून सव्वीस जानेवारीचा झेंडा लागला देवळाच्या अंगणात. हेडमास्तर उभे राहिले, संविधानाची उद्देशिका म्हणू लागले. "आम्ही, भारताचे लोक..." आणि जरा श्वास घ्यायला थांबले.

आता बघा गंमत! समोर देव, हेडमास्तरांचा खडा सूर, वाक्य अर्ध्यावर थांबलेलं. धोंडबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं — "व्हय म्हाराजा!" गावकार म्हणाला म्हटल्यावर गाव गप्प बसेल होय? सगळ्यांना न्याय — व्हय म्हाराजा! विचाराचं, श्रद्धेचं स्वातंत्र्य — व्हय म्हाराजा! दर्जाची नि संधीची समानता — व्हय म्हाराजा! माणसाची प्रतिष्ठा, आपसांत बंधुता — व्हय म्हाराजा! हेडमास्तर आधी गडबडले, मग दर ओळीला मुद्दाम थांबू लागले.

बायकांत द्वारकाकाकी शिगवण उभी होती. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा संदेश. तिनंही पोटातून होकार दिला.

पुढच्याच महिन्यात संदेशनं लग्न केलं. मुलगी शीला. गुणी, हसरी. पण जात दुसरी! झालं! त्याच देवळापुढं धोंडबांनी नारळ धरला, गावानं होकार दिला आणि द्वारकाकाकीचं घर वाळीत पडलं. गिरणीत तिचं दळण घेईनात. विहिरीवर ती आली की बायका बोलायच्या थांबत. आणि ठरलं, की शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाईल, पण तिच्या अंगणात येणार नाही.

शीला कपड्यांची पिशवी भरून पुढं आली. "आई, मी माहेरी जाते. तुमचं गाव तुम्हांला परत मिळेल."

काकीनं पिशवी काढून घेतली. "गाव माझं हाय आणि सून पन माझी हाय. दोनांतलं एक कशापायी सोडू?"

संदेश म्हणाला, "कायदा आहे, पोलिसांत जाऊ."

"जाऊ की! हक्कच हाय आपला. पन आदी देवाम्होरं विचारते."

मंडळी, शिमगा आला. काकीनं अंगण सारवलं, रांगोळी घातली. न येणाऱ्या पालखीसाठी! ढोल जवळ आला. पालखी बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी आली. सरळ पुढं निघाली. काकी बेड्यापाशी धावली. आणि आवाज? खणखणीत!

"गावकार! गाऱ्हानं हाय!"

ढोल थांबला. गाऱ्हाणं म्हटलं की पालखी हलवायची नाही, हीसुद्धा रीतच.

धोंडबा गरजले, "वाळीतल्या घराचं गाऱ्हानं घेनार नाय!"

"नवं नाय सांगत. जुनंच ईचारते. झेंड्याच्या दिशी, ह्याच देवाम्होरं, सगळ्यांचा दर्जा सारका म्हनून पयला व्हय कुनी दिला?"

सगळ्यांचे डोळे धोंडबांकडं वळले.

"आमाला काय ठाव त्यात काय व्हतं!" धोंडबा म्हणाले. "सवयीनं म्हनलं!"

"बरं! मंग माजं घर वाळीत टाकलंत, तो व्हय पन सवयीचाच काय? यक खरा आनि यक खोटा, असं देवाला कोन सांगनार? तुमी सांगा, मी ऐकते."

हाहाहा! पकडलं की नाही? झेंड्याचा होकार खोटा म्हणावा, तर गावकाराचं आजवरचं एकूणएक गाऱ्हाणं खोटं! खरा म्हणावा, तर पालखी आत न्यावी लागते!

म्हाताऱ्या धोंडबानं देवाकडं बघितलं. आयुष्यभर त्यानं शब्द फिरवला नव्हता, तोच त्याचा अभिमान. मग पुढच्या भोयाला बाजूला सारून पालखीचा दांडा त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि बेड्यातून आत वळला. अंगणात येऊन म्हणाला, "सूनबाय, तहान लागलीय. पानी आन."

शीलानं तांब्या आणला. सगळ्या गावासमोर म्हातारा तिच्या हातचं पाणी गटागटा प्याला. आणि ढोल असा वाजला म्हणता! द्वारकाकाकी रडत होती, हसत होती, पालखीखाली सुनेला हाताशी धरून नाचत होती.

मंडळी, अभिमानानं ऊर भरून येतो तो अशा गावासाठी! चुकलं, पण दिलेल्या शब्दाला जागलं. संविधान आपण कुणा राजाकडून मागून आणलेलं नाही. त्यात लिहिलंय, आम्ही ते स्वतःला अर्पण करतो. म्हणजे गाऱ्हाणं घालणारे आपण, होकार देणारे आपण आणि जाब विचारणारेही आपणच!

आता तुमच्याकडं वळतो. मान खाली घालू नका. तुमच्या वाडीतली पालखी कुणाचं अंगण टाळून जाते? तुमच्या घरात कुणाच्या हातचं पाणी चालत नाही? मला नका सांगू. मनात घर दिसलं असेल, तेवढं पुरे. आता मी विचारतो आणि देव समोर आहे, तेव्हा समजून उत्तर द्या — ते अंगण आपलं, ती माणसं आपली, त्यांचा मान तो आपला मान... मोठ्यानं! व्हय म्हाराजा?

ऐकलं हो भैरीबुवानं. आता फिरवता यायचा नाही.